मराठी उतारा, संगणक आणि शब्दांची मोजणी



ज्यांचं मूल तिसरीपर्यंतच्या वर्गात आहे त्यांना एक आकडा चांगलाच ठाऊक आहे: मूल मिनिटाला किती शब्द वाचतं. ५ जुलै २०२१ ला निपुण भारत अभियान सुरू झालं तेव्हापासून तर हा आकडा घराघरात पोचलाय. तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, आणि तेही अर्थ समजून. आकडा कमी आला की घरी काळजी आणि शाळेत जादा तास.

मला विचारायचंय ते त्याच्याही आधीचं. उताऱ्यात मुळात शब्द किती आहेत हे कोणी मोजलं, आणि कसं? बोट ठेवून मोजले असतील तर प्रश्न नाही. पण आता उतारे संगणकावर टाइप होतात आणि मोजणीही बहुतेक वेळा तोच करतो. त्याला ‘शब्द’ म्हणजे काय हे आपोआप कळत नाही. कुणीतरी ते सांगावं लागतं. ज्यानं सांगितलं त्याच्या डोळ्यासमोर इंग्रजी मजकूर असेल, तर मराठी उताऱ्याचं काय होतं?

मी सातवीच्या मुलांना थोडंफार पायथन शिकवते. त्यात ‘मजकुराची फाईल वाचणे आणि तिचे तुकडे करणे’ असा एक भाग येतो. पुस्तकांत त्याला इंग्रजी वाक्यांची उदाहरणं असतात आणि ती अर्ध्या तासात संपतात. गेल्या वर्षी मी तो भाग आमच्या तिसरीच्या वाचन-उताऱ्यांवर घेतला. त्याला आठ तासिका लागल्या. त्या आठ तासिकांत काय निघालं ते सांगते. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी वाचा, कारण यात निम्मं तर मराठीचं व्याकरणच आहे.

आधी एक शब्द समजून घेऊ. मजकूर तोडून जे तुकडे मिळतात त्यांना ‘टोकन’ म्हणतात. जुन्या पालकांना बँकेतला पितळी बिल्ला आठवेल. हा बिल्ला तसाच, प्रत्येक तुकडा सुटा, मोजता येईल असा. तुकडा म्हणजे शब्दच असेल असं नाही. विरामचिन्ह असू शकतं, आकडा असू शकतो, शब्दाचा अर्धा भागही असू शकतो. काय तोडायचं आणि कुठे, हे आपण ठरवायचं. संगणक निमूट तोडतो.

आधी फाईल उघडू दे

पायथनमध्ये तीन पायऱ्या. ‘ओपन’ म्हणून फाईल उघडायची, ‘रीड’ म्हणून सगळा मजकूर घ्यायचा, ‘स्प्लिट’ म्हणून तोडायचा. पहिल्याच पायरीवर आमच्या वर्गात दोन गट पडले. एका गटानं फाईलमध्ये फक्त ‘मराठी’ लिहिलं होतं, दुसऱ्यानं ‘मुलगा’. पहिल्या गटाची फाईल उघडली, पण पडद्यावर डोक्यावर तिरप्या रेघा असलेली परकी अक्षरं आणि मध्येच युरोचं चिन्ह असा काला दिसला. दुसऱ्या गटाची उघडलीच नाही, थेट त्रुटीचा लाल मजकूर. दोन्ही गट एकमेकांकडे बघायला लागले. प्रोग्रॅम तर एकच!

कारण समजून घेण्यासारखं आहे. फाईलमध्ये अक्षरं नसतात, आकडे असतात, बाइट नावाचे. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. ‘मराठी’ शब्दात म, र, काना, ठ, वेलांटी अशी ५ चिन्हं, म्हणजे १५ बाइट. फाईल कोणत्या पद्धतीत लिहिली आहे हे प्रोग्रॅमला सांगितलं नाही, तर विंडोजवर तो बहुधा पश्चिम युरोपातल्या भाषांचा जुना तक्ता घेऊन बसतो आणि एकेका बाइटचं एकेक अक्षर लावत जातो. त्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत. ‘मराठी’च्या पंधरा बाइटमध्ये त्यातली एकही येत नाही, म्हणून काला दिसतो पण गाडी पुढे जाते. पहिल्या उकाराचा शेवटचा बाइट मात्र नेमका रिकाम्या जागेवर पडतो. पाय मोडायच्या खुणेचाही तसाच. म्हणून ‘मुलगा’ अडकला, आणि कुठलंही जोडाक्षर असलेला उतारा अडकणारच. उपाय एका ओळीचा आहे: फाईल उघडतानाच ‘एन्कोडिंग यूटीएफ-८’ असं लिहायचं. मुलांना मी तो शेवटी सांगितला. आधी कोणती अक्षरं अडतात ते त्यांनी स्वतः एकेक अक्षर टाइप करून शोधलं. ए, ऐ आणि झ हेही अडतात असं त्यांनीच मला दाखवलं.

दोन गोष्टी थोडक्यात, कारण त्या तुमच्याही संगणकावर असतील. एक, आपल्या जुन्या प्रश्नपत्रिका. त्यातल्या बऱ्याच युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. दिसायला ‘क’, पण फाईलच्या पोटात इंग्रजी अक्षर. फॉन्ट बदलला की मुखवटा उतरतो. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय मोजणीला घेऊच नका. दोन, काही संपादक फाईलच्या सुरुवातीला ३ बाइटची एक न दिसणारी खूण ठेवतात. ती पहिल्या शब्दाला चिकटते. मग मोजणीत ‘एका’ हा शब्द दोनदा वेगवेगळा येतो आणि डोळ्याला दोन्ही अगदी सारखे दिसतात. पद्धतीच्या नावापुढे ‘सिग’ जोडलं की ती खूण आपोआप गळते.

जागा म्हणजे शब्द नव्हे

आता तोडणं. सगळ्यात सोपा नियम: जिथे रिकामी जागा दिसेल तिथे तोड. एक्सेलमध्ये शब्द मोजायची जी युक्ती बरेचजण वापरतात ती तर याहून सोपी आहे: जागा मोजा आणि एक मिळवा. बहुतेकदा चालते. पण आपल्याकडे टाइप करणाऱ्यांची एक जुनी सवय आहे. विरामचिन्हाच्या आधीही जागा सोडायची. मी फळ्यावर हे वाक्य लिहिलं, जागांसकट:

आजी म्हणाली , “ अरे , ऊठ ! ”

शब्द किती? चार. जागा किती? आठ. म्हणजे युक्तीप्रमाणे शब्द नऊ. दोन स्वल्पविराम, उद्गारचिन्ह आणि अवतरणाची दोन चिन्हं असे पाच ‘शब्द’ कुणीही न वाचता खात्यात जमा. उलट कवितेत प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर असतो, जागा नसते. मग चार ओळींच्या कडव्यात तीन शब्द गायब होतात. पायथनच्या ‘स्प्लिट’ला कंसात काही न देता बोलावलं तर तो एंटर, टॅब, दोन-दोन जागा सगळं नीट सांभाळतो. ‘फक्त जागेवर तोड’ असं मुद्दाम सांगितलं तर मात्र दोन जागांच्या मध्ये रिकामा तुकडा काढून देतो, आणि त्यालाही मोजतो.

तुम्ही म्हणाल, पाच-दहा शब्दांनी काय बिघडतं? ऐका.

त्याच सुमाराला तिसरीतल्या एका मुलाची आई शाळेत आली होती. “बाई, मागच्या महिन्यात याचे ४८ होते, आता ३९ वर आला. घरी तर रोज वाचतो माझ्यासमोर. शेजारचे म्हणतात मोबाईलनं होतं.” मुलगा दाराशी उभा. त्याला जादा तासाच्या गटात घालायचं ठरत होतं, आणि तोपर्यंत घरातला मोबाईल कुलपात गेला होता, खेळायला जाणं बंद झालं होतं.

मी दोन्ही महिन्यांच्या उताऱ्यांच्या फायली मागवल्या आणि मुलाचं नाव न सांगता सातवीला दिल्या. पहिल्या उताऱ्याखाली ‘एकूण शब्द ६२’ असं तयार छापून आलेलं होतं. मुलांनी बोट ठेवून मोजले तर ५१. उरलेले ११ म्हणजे मोकळी उभी असलेली विरामचिन्हं. मुलानं तो उतारा ७८ सेकंदांत संपवला होता. ६२ धरले तर मिनिटाला ४८ येतात. ५१ धरले तर ३९. दुसरा उतारा नीट टाइप केलेला होता, ५२ शब्दांचा, आणि त्याला लागले होते ८० सेकंद. मिनिटाला ३९.

पोरगा एक शब्दही मागे गेलेला नव्हता.

वर्गात एकदम शांतता पसरली. मग एकानं विचारलं, “बाई, मग बाकीच्यांचे पण चुकले असतील ना?” हो. त्या महिन्यात सगळ्यांचेच आकडे फुगले होते. ज्यांचे फुगूनही कमी होते ते जादा तासाला बसले. ज्यांचे फुगून पुरेसे झाले ते सुटले. त्यातल्या कुणाला खरंतर मदत हवी होती, हे त्या आकड्यावरून कळायला मार्ग नव्हता.

काना खाणारा प्रोग्रॅम

मग मुलांना वाटलं, विरामचिन्हं काढून टाकली की झालं. पुस्तकांत त्यासाठी एक छोटासा नमुना दिलेला असतो. बॅकस्लॅश, डब्ल्यू आणि अधिकचं चिन्ह. त्याचा अर्थ, ‘शब्दात शोभेल असं अक्षर, एक किंवा अनेक, सलग’. इंग्रजीवर सुरेख चालतो. मी तो मुद्दाम आधी पहिलीच्या सुरुवातीच्या वाक्यांवर चालवायला दिला. ‘घर बघ. कमळ बघ.’ उत्तर आलं: घर, बघ, कमळ, बघ. सगळे खूश. मग ‘मराठी’ दिलं. उत्तर: ‘मर’ आणि ‘ठ’. ‘मुलांनी’ दिलं. उत्तर: ‘म’, ‘ल’, ‘न’.

“बाई, यानं काना खाल्ला!” मागच्या बाकावरून आलं. नुसता काना नाही, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, पाय मोडलेली खूण, सगळंच. युनिकोडमध्ये या सगळ्यांचा वर्ग ‘अक्षर’ हा नाही, ‘अक्षराला जोडायची खूण’ हा आहे. पायथनमधला हा नमुना फक्त अक्षर आणि अंक मानतो. खूण आली की शब्द संपला असं समजून तोडतो आणि खूण फेकून देतो. म्हणजे हा प्रोग्रॅम पहिलीच्या त्या मुलासारखा आहे ज्याला अजून काना शिकवलेला नाही. बिनकान्याचे शब्द धडाधडा, आणि काना आला की फुटला.

मला ही तासिका सगळ्यात जास्त आवडली. कारण इतकी वर्षं आपण मुलांना ‘स्वरचिन्हं व्यंजनाला जोडतात’ हे सांगतो आणि ती माना डोलावतात. इथे त्यांनी जोडलं नाही तर काय होतं ते पाहिलं.

दुरुस्तीचे दोन मार्ग निघाले. पहिला, देवनागरीला युनिकोडमध्ये ज्या सलग १२८ जागा दिल्यात त्या सगळ्या चालतील असं सांगणं. त्यातच दंड आणि दुहेरी दंडही आहेत, ते वगळावे लागतात, नाहीतर अभंगाच्या ओळीअखेरचा दंड शब्दाला चिकटतो. दुसरा मार्ग मला जास्त सरळ वाटतो. आधी रिकाम्या जागांवर तोडा, मग प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांची विरामचिन्हं छाटा, आणि छाटून काहीच उरलं नाही तर तो तुकडा टाकून द्या. मधल्या भागाला हात लावायचा नाही. पायथनकडे विरामचिन्हांची तयार यादी आहे, पण त्यात इंग्रजी कळफलकावरची ३२ चिन्हंच आहेत. आपली वळणदार अवतरणं आणि दंड त्यात हातानं घालावे लागतात.

आकड्यांचं काय, हा वाद अर्धी तासिका चालला. ‘३५६’ हा एक तुकडा, पण तोंडानं वाचताना ‘तीनशे छप्पन्न’, म्हणजे दोन शब्द. वाचनवेगाच्या उताऱ्यात आकडे असूच नयेत असं आम्ही शेवटी ठरवलं.

दऱ्यांचा समुद्र कसा होतो

मराठीत एक अक्षर असं आहे की ते हिंदीच्या नियमांवर बेतलेल्या साधनांना हमखास चकवतं. ‘दऱ्या’मधला अर्धा ऱ. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजींना, ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना.

हा अर्धा ऱ संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिला जातो. कुणी नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडतं. कुणी साधा र घेऊन, पाय मोडून, पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतं. पडद्यावर दोन्ही एकच. मोजणीत मात्र दोन वेगळे शब्द. आता ‘न दिसणारी चिन्हं म्हणजे कचरा’ असं समजून ती सरसकट काढून टाकली, तर दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलेल्या सगळ्या दऱ्यांचा दर्या होतो आणि आचारी आचार्य होतात! मुलं पोट धरून हसली. तेव्हा क्रम असा ठेवा: आधी जोडचिन्हवाला अर्धा र बदलून नुक्त्याचा अर्धा ऱ करून घ्या, आणि मगच झाडू मारा.

शब्द लांब, आकडा लहान

आता खरा प्रश्न. तुकडे नीट पडले, ५१ आणि ५२ आले, दोन्ही वेळा वेग ३९ निघाला. म्हणजे मुलगा होता तिथेच राहिला का?

मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाला चिकटतात. ‘आजोबांच्या शेतातल्या विहिरीजवळ’ हे तीन शब्द. हेच हिंदीत ‘दादाजी के खेत के कुएँ के पास’, सात शब्द. अर्थ तोच, जागा चार जास्त. जागेवर तोडणाऱ्या प्रोग्रॅमला हिंदी वाचणारं मूल दुप्पट वेगवान दिसेल. एनसीईआरटीनं २०२२ च्या पायाभूत अध्ययन अभ्यासात प्रत्येक भाषेसाठी वाचनवेगाचे वेगळे निकष काढले ते यासाठीच योग्य होतं. पण हा फरक दोन भाषांपुरता नाही, एकाच भाषेतल्या दोन उताऱ्यांतही तो असतो. हे बघा:

आई घरी आली. बाबा पण आले. मी दार लावलं.

आजोबांच्या शेतातल्या विहिरीजवळ चिंचेचं जुनं झाड होतं.

पहिल्यात ९ शब्द, दुसऱ्यात ७. मुलांना म्हटलं, आता अक्षरं मोजा. आपण बोटांवर मोजतो तशी, जोडाक्षर धरून एक. पहिल्यात १८, दुसऱ्यात २३. म्हणजे दुसरं वाक्य वाचणाऱ्या मुलाच्या जिभेला काम जास्त, आणि खात्यात शब्द कमी.

संगणकाकडून अक्षरं मोजून घेणं हे पुन्हा वेगळंच प्रकरण. ‘लांबी सांग’ म्हटलं की तो चिन्हं मोजतो. ‘मराठी’ची लांबी ५ सांगतो, पहिलीतलं मूल ३ सांगतं. ‘क्षमा’ची लांबीही ५, आणि मुलाच्या हिशेबात २. वाचकाला एक वाटतो तो अक्षरगट ओळखायचे नियम युनिकोडमध्ये आहेत, पण जोडाक्षर एकसंध ठेवायचा नियम त्यात २०२३ मध्ये आला. त्यामुळे साधन जुनं की नवं यावर उत्तर बदलतं. आमच्या एका मुलीनं याला वळसा घालून सोपा हिशेब काढला: “स्वर आणि व्यंजनं मोजायची आणि जितके पाय मोडलेत तितके वजा करायचे.” ‘आजोबांच्या’ घ्या. आ, ज, ब, च, य असे पाच. एक पाय मोडलेला. पाच वजा एक, चार. आ-जो-बां-च्या. बरोबर! ‘अर्थात्’सारख्या शेवटी पाय मोडलेल्या शब्दात हा हिशेब एक अक्षर कमी सांगतो, पण तिसरीच्या उताऱ्यात असे शब्द जवळपास नसतातच. ही ओळ प्रोग्रॅममध्ये घातली आणि सगळे उतारे त्यातून काढले.

त्या मुलाचा पहिला उतारा १२२ अक्षरांचा निघाला, दुसरा १४४ चा. म्हणजे पहिल्या महिन्यात मिनिटाला ९४ अक्षरं आणि दुसऱ्या महिन्यात १०८. मूल पुढे गेलं होतं.

त्याच्या आईला मी दोन्ही उतारे शेजारी ठेवून दाखवले. आकडेमोड सांगत बसले नाही. त्यांनी पहिली ओळ या उताऱ्यातली, पहिली ओळ त्या उताऱ्यातली अशी मोठ्यानं वाचून पाहिली आणि म्हणाल्या, “हे तर मलाच अडखळायला होतंय.” मोबाईलबद्दल मी काही बोलले नाही, तो त्यांच्या घरचा प्रश्न. खेळायला मात्र पाठवा म्हटलं.

आणखी थोडं

उरलेल्या दोन तासिकांत सातवीनं स्वतःच्या लिहिलेल्या गोष्टींची एक फाईल केली आणि कोणता शब्द किती वेळा येतो ते काढलं. ‘आणि’, ‘मग’, ‘होता’ हे वर येणार हे तुम्हालाही ठाऊक आहे. यादी बघून दोघा-तिघांनी आपापल्या गोष्टीतले ‘मग’ खोडले, मी न सांगता. पण ‘शाळा’, ‘शाळेत’, ‘शाळेला’, ‘शाळेतून’ हे चार वेगळे शब्द म्हणून आले तेव्हा त्यांना ते पटेना. मग शेवटचा ‘ला’ कापायचा नियम केला. ‘शाळेला’चं ‘शाळे’ झालं, छान. पण ‘गेला’चं ‘गे’ आणि ‘बंगला’चं ‘बंग’ झालं. ‘त’ कापला तर ‘शेत’चं ‘शे’. त्या दिवशी सामान्यरूप हा व्याकरणातला धडा मी काही न करता झाला. शाळा-शाळे, पाणी-पाण्या, मूल-मुला. कुणी विचारलं, “बाई, याची पूर्ण यादी कुठे मिळेल?” व्याकरणाच्या पुस्तकात, म्हटलं, तुमच्या दप्तरात आहे.

पालकांपैकी काहींना ‘टोकन’ हा शब्द हल्लीच्या संभाषण करणाऱ्या एआयमुळे ऐकून माहीत असेल. तिथेही हेच तोडणं आहे, फक्त तुकडे शब्दांहून लहान असतात आणि कुठे तोडायचं हे भरपूर मजकूर बघून आधीच ठरवलेलं असतं. तो मजकूर प्रामुख्यानं इंग्रजी असेल, तर इंग्रजी शब्द अख्खा राहतो आणि मराठी शब्दाचे बारीक तुकडे होतात. पैसे तुकड्यांवर मोजत असतील, तर त्याच मजकुराला मराठीत जास्त पडतात. मुलांना मी एवढंच सांगितलं. त्यांना ‘काना खाणारा प्रोग्रॅम’ आठवत होता, त्यामुळे जास्त समजवावं लागलं नाही.

तुमच्या शाळेत करायचं असेल तर लागतं फार थोडं. एक संगणक, पायथन आणि साध्या मजकुराची फाईल. वर्डची फाईल नको, ती आतून वेगळी असते. प्रोग्रॅम पंचवीसेक ओळींचा होतो. सुरुवात उतारा न तपासता करू नका, आधी हातानं मोजलेला एक छोटा उतारा ठेवा आणि प्रोग्रॅमचं उत्तर त्याच्याशी ताडून बघा. ‘त्या मुळे’, ‘घरा समोर’ असं तोडून टाइप केलेलं आधी ‘त्यामुळे’, ‘घरासमोर’ करून घ्या, नाहीतर टंकलेखनाची चूक मुलाच्या वेगात जमा होते. ‘हळूहळू’ सगळीकडे एकसारखं ठेवा.

आमच्याकडे आता वाचनाच्या प्रत्येक उताऱ्याखाली तीन आकडे असतात: शब्द, अक्षरं आणि जोडाक्षरं. दर महिन्याचे उतारे अक्षरांच्या हिशेबानं साधारण सारख्या वजनाचे निवडतो. जादा तासाची यादी नव्यानं केली तेव्हा त्यातून चार मुलं बाहेर आली आणि दोन आत गेली. आत गेलेल्या दोघांच्या पालकांना ते आवडलं नाही, आणि त्यांच्याशी बोलायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. वर पाठवायच्या तक्त्यात अजूनही शब्दांचा एकच रकाना आहे. बाकीचे दोन आकडे आम्ही शेऱ्याच्या रकान्यात लिहितो.